पुटकुळ्यांची गोळी

पाळी यायची असली की माझ्या हनुवटीला आधी कळायचं. कातडीच्या आत खोलवर मसुराच्या दाण्याएवढी गाठ यायची. दिसायची नाही, पण बोट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. दोन दिवसांनी ती लाल व्हायची, चौथ्या दिवशी तिला पिवळं तोंड फुटायचं. मग शेजारी दुसरी. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जबड्याची सगळी कड भरून जायची. भाकरी चावताना ठणका लागायचा, कुशीवर झोपता यायचं नाही. फोड बसला की काळा डाग राहायचा आणि तो फिका पडायच्या आत पुढची खेप तयार असायची.

औषधाच्या बाटलीवर याला तारुण्यपीटिका म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला एकही आलेली नसणार.

मी नेवाशाची. वडील तिथल्या शाळेत शिक्षक. आमच्या घराण्यात नांगर सोडून खडू हातात धरणारे ते पहिले. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. शाळा सुटली की ते चळवळीचे. आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असत. मी अक्षरं पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त गिरवली. संध्याकाळी बाकीच्या पोरी लंगडी खेळत, तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत बसे, आणि घालता घालता वाचत असे. अस्पृश्यता, सावकारी, हुंडा, देवदेवस्की. दहाव्या वर्षी मला शोषण हा शब्द माहीत होता आणि पाळी हा माहीत नव्हता.

सोळाव्या वर्षी आण्णांनी मला पहिलं पत्रक लिहायला दिलं. विषय हुंडा. मी लिहिलं, "मुलीचा चेहरा हा बाजारात मांडलेला माल नव्हे." आण्णांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि छापखान्यात ते जाड ठशात घ्यायला लावलं. ते वाक्य लिहिताना माझ्या हनुवटीवर तीन फोड होते आणि त्यांच्यावर जायफळाचा लेप वाळत होता. ते जावेत म्हणून मी काहीही करायला तयार होते, हे मात्र मी पत्रकात लिहिलं नाही.

नगरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला पाहायला राहात्याहून पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात कारकून. मुलाचे मामा खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "बाळ, जरा उजेडाकडं तोंड कर."

मी आण्णांकडे पाहिलं. जाड ठशातलं ते वाक्य त्यांना पाठ असणारच. त्यांनी खाली पाहत म्हटलं, "कर."

मी केलं. खिडकीतून ऊन येत होतं. मामांनी माझी हनुवटी दुकानात भोपळा बघावा तशी बघितली. आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी हुशार आहे, घराणं चांगलं आहे. तोंड साफ झालं तर कळवा.

आईने तो निरोप मनावर घेतला. आईला अक्षर येत नव्हतं, पण एकदा मनावर घेतलं की ती सोडत नसे. कडुलिंब, मुलतानी माती, साय, चंदन, सगळं झालं होतं. शेजारणींचं ठरलेलं होतं, "लगीन झालं की आपसूक जात्यात." मी एकीला विचारलं, "मग नवऱ्याला कशाला होतात?" तिच्या नवऱ्याच्या मानेवर कायम एखादं गळू असायचं. ती महिनाभर आमच्याकडे आली नाही.

शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत आण्णा मला नगरच्या कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी दोन रंगांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. कंपाउंडरने कागदी पाकिटावर इंग्रजीत काहीतरी खरडलं, तोंडाने काही सांगितलं नाही. घरी आल्यावर आईने एक कॅप्सूल हातात घेऊन उजेडात धरली.

"लई उष्ण दिसती ही," ती म्हणाली. "अंगावर उठंल. दुधासंगं घ्यायची."

ते बहात्तर साल. विहिरींचे तळ दिसत होते, गुरं छावणीत गेली होती. अर्धा शेर दूध मिळायचं ते एका ओळखीच्या घरातून. आईने त्या दिवसापासून आण्णांचा चहा काळा केला, आपला बंद केला, आणि सकाळ-संध्याकाळ एक एक कप दूध माझ्यापुढे ठेवलं. तीन महिने मी त्या दुधाबरोबर कॅप्सूल गिळल्या. पोट बिघडलं, चेहरा होता तसाच राहिला. आई म्हणाली, औषधात राम नाही.

जुलैत कॉलेज उघडल्यावर मी एकटीच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा दवाखाना बाळंतपणाचा. वऱ्हांड्यात पोटुशा बायका बसलेल्या, त्यांच्यात मी वही छातीशी धरून. वसतिगृहातल्या एका मुलीने त्यांचं नाव सुचवलं होतं. बाईंचे केस पिकलेले, बोलणं तोडकं. आधीचं औषध सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कशाबरोबर घेत होतीस?"

"दुधाबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दुधाबरोबर त्या औषधाची ताकद निघून जाते. कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. दुष्काळात आईने आपल्या तोंडातलं काढून मला जे दिलं, त्यानेच औषध मारलं होतं. हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला हे वाचता येत नाही, हे एकदाच बरं वाटतं.

बाईंनी मग पाळीचं विचारलं. मी सांगितलं, कधी पाच आठवड्यांनी येते, कधी आठ. त्यांनी ओठावरची लव पाहिली, जबड्यावरून बोट फिरवलं. "हे नुसतं कातडीचं नाही. आतलं आहे. हार्मोनचं. त्या कॅप्सूलने थोडं दबलं असतं, पण मुळाला हात लागला नसता." त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. चांदीचा कागद, तीन ओळी, एकेका ओळीत सात बारीक गोळ्या. "एकवीस दिवस रोज एक. मग सात दिवस थांबायचं. मग नवीन पाकीट."

तसल्या गोळ्यांबद्दल मी एका पुस्तिकेत वाचलं होतं. माझे कान गरम झाले. "ही तर कुटुंबनियोजनाची गोळी."

"हो. तीच."

"पण मी..."

"तुझं लग्न झालेलं नाही, ते मला दिसतंय. गोळीला ते ठाऊक नसतं. ती तिचं काम करते." त्यांनी बजावलं, पहिला महिना मळमळेल, पोटरी दुखली किंवा फार डोकं धरलं तर लगेच ये, तीन महिन्यांनी रक्तदाब दाखवायला ये. आणि मग, दार उघडता उघडता, "घरी सांगशील का?"

"सांगेन," मी म्हणाले.

औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्या गळ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली, आणि पाकीट वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळून दिलं.

पहिला महिना वाईट गेला. खानावळीतल्या फोडणीचा वास आला की मी तोंड दाबून बाहेर पळे. छाती दुखे, पाय जड होत. दुसऱ्या महिन्यात पाळी ठरल्या दिवशी आली. तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर एकच गाठ आली आणि न पिकता जिरली. चौथ्या महिन्यात एका सकाळी तोंड धुताना हात जबड्यावरून सरळ फिरला, कुठे अडला नाही. मी पुन्हा फिरवला. मला हे कबूल करायला लाज वाटते, पण त्या सकाळी मला जितका आनंद झाला तितका कुठल्याच मोर्चात झाला नव्हता.

दिवाळीला घरी गेले. घरी काय सांगितलं? "डॉक्टरीणबाईंनी दिलेली पुटकुळ्यांची गोळी." तेवढंच. खोटं नव्हतं. पण मी कसल्या घरात वाढले होते! "शरीराची लाज हीच गुलामीची पहिली बेडी," हे आण्णांचं वाक्य मी शेकडो कागदांवर घडी घालून लोकांच्या हातांत दिलं होतं. तसल्या घरात अर्धं सत्य खोट्याहून वाईट असतं, हे मला कळत होतं. मी स्वतःला समजावलं, आईला काय कळणार, उगाच घाबरेल.

आईने पाकीट माझ्याकडून काढून घेतलं आणि चुलीवरच्या कोनाड्यात ठेवलं. रोज अंघोळ झाली की ती स्वतः एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. "चंद्रावानी झालंय गं," म्हणायची. आणि भाऊबीज व्हायच्या आत तिने राहात्याला निरोप पाठवूनही दिला. मुलीचं तोंड साफ झालंय, बघायला या.

मला तो निरोप गेल्यावर कळला. बी.ए.चं माझं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेला पाच महिने होते. राहात्याच्या लोकांना घाई होती, पसंत पडली तर तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त, आणि शिक्षणाचं "आमच्याकडं तसलं काय लागत न्हाई." म्हणजे गोळी घेतली तर चेहरा साफ, चेहरा साफ तर लग्न, लग्न तर परीक्षा नाही. गोळी सोडली तर फोड. ज्या औषधाने मला सोडवलं होतं, त्यानेच मला उजेडाकडे तोंड करून बसवलं होतं. मी आण्णांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, नुसतं बघू तर दे त्यांना." दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, असा तो सूर होता.

पाहुणे यायच्या चार दिवस आधी बाजाराचा दिवस होता. दुष्काळी कामावरच्या बायांना त्या दिवशी पगार मिळायचा, म्हणून आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आणि आण्णांनी मिळून शाळेच्या पटांगणात कुटुंबनियोजनाची सभा ठेवली. आण्णा अध्यक्ष. बोलणार मी. हे गावाला नवीन नव्हतं, मी चौदाव्या वर्षापासून बोलत होते. दोनअडीचशे बाया होत्या, डोक्यावर पदर, पायांना खडीची धूळ. पुरुष मागे लिंबाखाली उभे. आई तिसऱ्या ओळीत, शेजारणींना घेऊन. माझं भाषण असलं की ती नवं लुगडं नेसायची.

मी बोलले. जोरात बोलले. आपल्या शरीराची आपल्यालाच लाज वाटायला लावणारे कोण, असं विचारलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, एकीने मागे वळून लिंबाखाली बघितलं. मग नर्सबाई पुढे झाल्या. त्यांच्याकडे एक पुठ्ठा होता, त्यावर एकेक साधन दोऱ्याने बांधलेलं. गर्भाशयात बसवायचा लूप दाखवून झाला. मग त्या म्हणाल्या, "आणि आता या नव्या गोळ्या आल्यात." त्यांनी पाकीट सोडवून वर धरलं. चांदीचा कागद, तीन ओळी, सात-सात.

मला कळलं काय होणार ते. मी आईकडे पाहिलं, डोळ्यांनी तिला थांबवायला. आईने त्याचा अर्थ भलताच घेतला. तिला वाटलं मी तिला खूण करतेय, बोल म्हणून. ती उभी राहिली.

"अवं बाई, ही तर आमच्या पोरीची गोळी! पुटकुळ्याची!"

कुणीतरी खुदकन हसलं.

"कशाची म्हनली?" मागून एक म्हातारी.

"पुटकुळ्याची वं! बघा की तिचं त्वांड, कसं झालंय. तुमी समद्या घ्या, लई गुन हाय." आईचा आवाज आनंदाने भरून आला होता. सभेत बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"घेतो की!" एक तरणी बाई म्हणाली. "तुमच्या पोरीवानी लगनाआधीच घेतली असती तर चार पोरं तरी कमी झाली असती!"

आता हशा फुटला. लिंबाखालीही. नर्सबाईंनी मला एकदा पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या घाईने म्हणाल्या, "नाही हो मावशी, तुमची वेगळी असेल. सारखी दिसतात पाकिटं."

"येगळी कशी? तीन वळी, सात-सात. म्या सवता रोज हातानं देते की!" आई माझ्याकडे वळली. "सांग की गं. हीच हाय का न्हाई?"

आण्णा टेबलामागे बसले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. मी उभीच होते, हातात भाषणाचा कागद. एक वाक्य पुरलं असतं. होय, हीच आहे, डॉक्टरांनी चेहऱ्यासाठी दिलीय, हेही या गोळीचं एक काम आहे. मला ते वाक्य येत होतं. त्या पटांगणात ते वाक्य येणारी मी आणि नर्सबाई, दोघीच होतो.

"वेगळी आहे ती, आई," मी म्हणाले. "खाली बस."

आई बसली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आपलं काय चुकलं हे तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी फार मोठं चुकलं आणि ते आपल्या लेकीसमोर चुकलं, एवढं कळलं होतं. मी पुढचं भाषण केलं नाही. लाजेविरुद्ध मी पाच वर्षं बोलत होते आणि पहिल्याच खऱ्या परीक्षेत मी माझ्या अडाणी आईला दोनअडीचशे बायांसमोर खोटं पाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आल्या. आण्णांची थोरली बहीण, शेजारच्या गावची. चपला काढायच्या आत सुरू. "काय रं मास्तर, पोरगी नगरला कालेज शिकती का आनखी काही? आमच्या गावात पान्याआधी बातमी पोचली!" त्यांनीच आईला त्या गोळीचा खरा उपयोग सांगितला, माजघरात, हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत. दुपारी राहात्याचा निरोप आला. येत नाही म्हणून. त्या निरोपाने मी सुटले असते. पण एक दार उघडलं तसं दुसरं बंद झालं.

आण्णांनी मला समोर बसवलं. "मला खरं सांग."

मी सगळं सांगितलं, दुधाचं सोडून. ते शांतपणे ऐकत होते. मधे त्यांनी हार्मोन म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, त्यांना पटलं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "पण लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने काल सभा उघडलीत, त्याच."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत राहिले. "तू नगरला परत गेलीस की लोक म्हणणार, बघा, अजून पाठवतोच. हे वर्ष घरी थांब. सगळं निवलं की पुढच्या वर्षी परीक्षा दे."

पुढचं वर्ष कधी येत नाही. माझ्या वर्गातल्या तीन मुली पुढच्या वर्षाच्या वायद्यावर घरी बसल्या होत्या. एकीला आता दोन मुलं होती. मी जेवण सोडलं. दोन दिवस. चळवळीत याला सत्याग्रह म्हणतात, घरात केला की हट्ट म्हणतात. आई ताट घेऊन यायची, ठेवायची, घेऊन जायची. आमच्यात सभेबद्दल एक शब्द झाला नव्हता. बाहेर ओट्यावर येणारी-जाणारी बाई दाराशी थोडी थांबून आत बघायची. मी खिडकी लावून घेतली. उजेड नको होता कुणाचा.

तिसऱ्या दिवशी आण्णांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "गोळी बंद. तसं लिहून दे. मग जा. कुणी विचारलं तर मला 'घेत नाही' म्हणून सांगता येईल, आणि ते खरं असेल."

ते मला नुसतं तोंडी औषध बंद करायला सांगू शकले असते. पण ते आण्णा होते. आमच्या घरात लिहिलेला शब्दच खरा. मी पेन घेतलं. "मी ही गोळी घेणार नाही" असं लिहिताना मधे दोन शब्द घातले. "मी परीक्षा संपेपर्यंत ही गोळी घेणार नाही." खाली सही. आण्णांनी वाचलं, त्या दोन शब्दांवर थांबले, घडी घालून खिशात ठेवलं. मला त्या वेळी आपण फार हुशारी केली असं वाटलं. आता वाटतं, वडिलांनी माझं शरीर तारण मागितलं आणि मी फक्त मुदत ठरवून घेतली.

निघायच्या सकाळी मी वळकटी बांधत होते. आई आली. तिच्या हातात ते पाकीट होतं, नऊ गोळ्या उरलेलं.

"पाप हाय का गं ह्याच्यात?" तिने विचारलं.

"नाही आई."

"मंग घे. म्या न्हाई सांगत कुनाला."

मी मान हलवली. "मी लिहून दिलंय."

"लिहून दिलंय म्हनं!" ती एकदम चिडली. सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. "कागदाला काय कळतं तुझ्या हनवटीतलं? फोड तुला येनार का त्यास्नी? तुमचं बाप-लेकीचं समदं कागदावर. त्वांड मातुर तुझं."

तिचं बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं की तिचं बरोबर आहे. पण एकदा खोटं बोलले होते, आता दिलेला शब्दही मोडला तर माझ्याजवळ उरलं काय असतं? मी म्हणाले, "सभेत मी तुला खोटं पाडलं." ती म्हणाली, "जाऊ दे. यष्टी जाईल." आणि पाकीट पदरात बांधून आत गेली.

सहा आठवड्यांत सगळं परत आलं, व्याजासकट. आता फोड गालांवरही चढले. वसतिगृहात मी आरशाकडे पाठ करून केस विंचरायची. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना ज्या रस्त्यावर, तो रस्ता टाळून कॉलेजला जायची, पाव मैल जास्त चालून. खानावळीत कुणी नेवाशाकडची दिसली की जेवण सोडून उठायची. नगर मोठं गाव, पण मला सगळीकडे तेच पटांगण दिसायचं. अभ्यास मात्र केला. दुसरं काही करायला उरलंच नव्हतं. परीक्षेच्या तिसऱ्या पेपरला डाव्या जबड्यावरचा एक फोड लिहिता लिहिता फुटला. मी टीपकागदाचा कोपरा फाडून त्यावर दाबून धरला आणि उजव्या हाताने समाजशास्त्राचं उत्तर पुरं केलं. प्रश्न कुटुंबसंस्थेवर होता.

शेवटचा पेपर एप्रिलात, दुपारी दोनला सुटला. मी तिथूनच दवाखान्यात गेले. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि हातातला कागद बाजूला केला.

"कुणी थांबवायला सांगितलं?"

"मीच लिहून दिलं."

"कशाच्या बदल्यात?"

"परीक्षेच्या."

त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली, पण उजेडाकडे वळवली नाही, दिवाच जवळ ओढला. "हे तीन खड्डे राहतील. डावीकडचा जरा मोठा. बाकी निवेल." चिठ्ठी लिहून दिली. मी दुकानातून पाकीट घेतलं आणि समोरच्या रसवंतीत एक ग्लास पाणी मागून पहिली गोळी तिथेच घेतली.

मग मी पोस्टात गेले. पाकीट घेणार होते, बंद करता येईल असं. खिडकीशी गेल्यावर कार्ड मागितलं. आमच्या गल्लीत कार्ड म्हणजे काय, हे ज्याने तिथे दिवस काढलेत त्याला सांगायला नको. पोस्टमन ते वेशीपासून वाचत येतो. चहाच्या टपरीवर एकदा वाचून दाखवतो, आणि आण्णा शाळेत असले तर ओट्यावर बसून आईला वाचून दाखवतो, तेव्हा शेजारच्या चार जणी हातातलं काम टाकून येतात. कार्ड कुणाचं खाजगी नसतं.

काउंटरवरच्या दोरीला बांधलेल्या टाकाने मी लिहिलं. "तीर्थरूप आण्णांस, साष्टांग नमस्कार. परीक्षा आज संपली, पेपर बरे गेले. लिहून दिल्याप्रमाणे वागले. मुदत संपली म्हणून आजपासून गोळी पुन्हा सुरू केली आहे. ती कुटुंबनियोजनाचीच आहे आणि ती माझ्या पुटकुळ्यांसाठी आहे. दिवाळीत सभेत आई बोलली ते खरं होतं, मी बोलले ते खोटं. हे कार्ड आईला वाचून दाखवावं, मोठ्याने." खाली पूर्ण नाव, आडनावासह.

पेटीत टाकलं आणि लगेच हात आत घालून पाहिला. हात फटीत मनगटापर्यंतच जात होता. आता आण्णांना शाळेच्या वाटेवर कुणीतरी गाठणार, आत्या चपला न काढता येणार, त्या घरात उन्हाळाभर मी कुठे बसायचं हे मला माहीत नव्हतं. आणि आईला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं केलं होतं, तिला न विचारता. हेही लक्षात आलं, पण कार्ड पडल्यावर.

पेटीवर लिहिलं होतं, पुढची निकासी साडेचार. मी पायरीवर बसून राहिले. साडेचारला खाकी कपड्यातला माणूस आला, त्याने कुलूप काढलं, थैलीचं तोंड पेटीखाली धरलं. कार्डं, पाकिटं, सगळं एकत्र पडलं. मी उठून उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय चुकून पडलं का बाई?"

"नाही," मी म्हणाले. त्याने थैली सायकलला अडकवली आणि तो निघाला.